वर्तकबाईंचा कोरम

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी इतकी वर्षं गार चहा प्यालो, त्याला कारण वर्तकबाई. चहा आला की या बाई पितळी घंटा बडवणार आणि म्हणणार, "कोरम नाही. थांबा." आता संसदेत दहावा हिस्सा सदस्य हजर नसले तर कामकाज थांबतं, हे मला मान्य आहे. पण इथे चहा होता हो. निदान चार शिक्षक जमल्याशिवाय बाई कुणाला कपाला हात लावू देत नसत.

बाई नागरिकशास्त्र शिकवायच्या. शिकवायच्या कसलं, अधिवेशन भरवायच्या. खिडकीकडची पोरं सत्ताधारी, दाराकडची विरोधक. सत्ताधाऱ्यांचं उत्तर चुकलं की सरकार पडायचं आणि अख्खा वर्ग दप्तरं उचलून बाकं बदलायचा. पलीकडे मी प्रमेय सिद्ध करतोय, आणि भिंतीतून आवाजी मतदान येतंय, "व्हय, व्हय", "न्हाय, न्हाय". एकदा माझ्याच वर्गातली एक पोरगी म्हणाली, "सर, त्रिकोण एकरूप हाय का न्हाय, मतदान घ्या ना." माझ्या डोक्यात तिडीक गेली. तडक बाईंच्या वर्गात जाऊन मी चांगलं खडसावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पोरांना सांगितलं, "सन्माननीय सदस्यांचं हे भाषण कामकाजातून काढून टाका."

त्यांचा एक लाडका प्रश्न होता. राज्यसभा किती वर्षांनी विसर्जित होते? नवं पोर हमखास फसायचं, सहा म्हणायचं. "चूक. कधीच नाही. माणसं जातात, सभागृह राहतं." बरोबर उत्तराला बाईंच्या वाडीतल्या नारळाची वडी मिळायची. आमची पोरं पाढे विसरतात, हे विसरत नाहीत. याचाही मला राग यायचा.

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या आणि जाताना घंटा घेऊन गेल्या. नवे मुख्याध्यापक माझ्यावर उखडले. "शाळेची वस्तू आहे ती. बाईंचं नागाव तुमच्या वाटेवरच आहे, घेऊन या." मी काय वसुलीवाला आहे? तरी रविवारी भर दुपारी, घरून वाल-भात जेवून, चरफडत निघालो. बाईंना काय काय सुनावायचं ते वाटेत ठरवून ठेवलं.

वाडीच्या फाटकाशी पोचलो तर आतून घंटा ऐकू आली. थांबली. जरा वेळाने पुन्हा वाजली. ओटीवर बाई एकट्याच, समोर झाकलेलं ताट.

"बाई, जेवला नाहीत अजून?"

"कोरम नाही."

"अहो, घरात माणूस एक. एकाच्या दहाव्या हिश्शाला तुम्ही भरपूर आहात. गणित माझा विषय आहे."

"एका सदस्याचं सभागृह होत नाही, सर." त्यांनी ताटावरची माशी हाकलली. "भाऊ गेला, वहिनी लेकाकडे पुण्याला गेली. तेव्हापासून घरी घास उतरत नाही. शाळेत तुम्ही सगळे होतात, तिथे बरं चाललं होतं."

मला तो सगळा गार चहा आठवला. मग मुख्याध्यापकांचा संताप आला, बाईंच्या त्या पुण्याच्या भाच्याचा आला, त्या झाकलेल्या ताटाचासुद्धा आला.

"घंटा न्यायला आलात ना?" बाईंनी विचारलं.

"जेवायला आलोय," मी ओरडलो. "पान वाढा."

मुख्याध्यापकांना तिथूनच फोन करून सांगितलं, घंटा मिळणार नाही. वापरात आहे.