भोयर सरांची बरणीतली पाहुणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी मागितलेली बरी.

भोयर सरांच्या घरी दिवेलागणीला सगळे दिवे बंद व्हायचे. मी त्यांच्याकडे स्वयंपाक करते. या पावसाळ्यात कितीतरी पोळ्या मी गॅसच्या उजेडात लाटल्या. एकदा तर सर म्हणाले, "कुसुम, आच कमी कर वं, तिचा उजेड दिसून नाही राहिला." समोरच्या निमजे काकूंना वाटलं, यांचं वायरिंग जळालं. त्यांनी बिचारीने मेणबत्त्या पाठवल्या.

सर कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहेत, एकटेच राहतात. खाप्याला कन्हान नदीच्या काठी त्यांना एक काजवा सापडला, जो आजवर कोणी लिहून ठेवलेला नाही. नवा जीव सापडला की त्याचं डोक्यापासून पायापर्यंत वर्णन करून छापावं लागतं, तेव्हाच जगाच्या दृष्टीने तो जन्मतो, असं त्यांनी मला समजावलं. तेव्हापासून त्यांना वर्णनाचं वेडच लागलं. "मोघम नको" हे त्यांचं पालुपद. मी म्हटलं वांगी जांभळी आहेत, तर विचारणार, कोणतं जांभळं? देठावर लव आहे का? काजव्याच्या पिवळ्या रंगासाठी त्यांनी मला हळद, बेसन आणि तुरीची डाळ बशीत मांडायला लावली. शेवटी त्याची छाती "बेसन, पण जरासं भाजलेलं" अशी ठरली. एकदा दारात आलेल्या निमजे काकांना निरखून म्हणाले, "डोकं लहान, छातीखाली झाकलेलं. पोट फुगीर." काका महिनाभर बोलले नाहीत.

नर पुष्कळ मिळाले आणि स्पिरिटच्या बाटल्यांत गेले. मादी मिळेना. या काजव्याच्या मादीला पंख नसतात. ती अळीसारखी जमिनीवर पडून उजेड देते आणि नर तिच्याकडे उडत येतात. सर खाप्याच्या संत्र्याच्या बागेत रांगत राहिले. शेवटी सापडली. लोणच्याच्या बरणीत, ओल्या मातीवर, ती आमच्या ओट्यावर राहायला आली.

आता तिला स्पिरिटमध्ये बुडवायचं, मोजमाप घ्यायचं आणि वर्णनाचा कागद छापायला पाठवायचा, एवढंच उरलं होतं. घाईही होती. दुसऱ्या शहरातल्या कोणी बाई याच काजव्यावर लिहीत आहेत, असा फोन आला होता. ज्याचा कागद आधी पोहोचेल त्याचं आधी छापून येईल, आणि शोध त्याचा. सर म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं, हे एवढंच आपलं.

पण रोज बाटलीचं झाकण उघडायचे, स्वयंपाकघरभर वास सुटायचा, आणि झाकण परत लागायचं. आज तिचा उजेड चांगला आहे, आज नको. दुसऱ्या दिवशी उजेड मंद असला की म्हणायचे, "बिमार दिसते. बिमार बाईले काहून त्रास द्यायचा?" कुकरची शिटीसुद्धा तिला चालत नसे.

एका सकाळी मी गेले तर सर डोक्यावरून आंघोळ करून चटईवर बसलेले.

"कुसुम, आज वरणाले फोडणी देऊ नको."

घरात कोणी गेलं की वरणाला फोडणी देत नाहीत. कोण गेलं, विचारलं. त्यांनी बरणीकडे बोट दाखवलं.

जिन्यात निमजे काकूंनी गाठलंच. मला खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, खाप्याची होती. तासाभरात काकू पिठलं-भाकर घेऊन हजर. दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी अन्न पाठवायची रीतच आहे.

"काय वय होतं जी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मोघम नाही सांगता येत," सर म्हणाले. "पण दोन-अडीच आठवडे असन."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "माय वं, लेकरूच होतं." सरांनी पिठल्याचं भांडं हातात घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

काकू गेल्यावर सरांनी मादीला हळूच स्पिरिटमध्ये ठेवलं आणि मग जेवायला बसले. पिठल्याकडे बराच वेळ बघत होते.

"सुमन गेली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो होतो. सुतक-बितक थोतांड आहे म्हटलं. या काकूनंच पिठलं आणलं होतं. दारातूनच वापस पाठवलं."

सुमन म्हणजे त्यांच्या बायको. त्यांचं नाव मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं. सरांनी ताट पुसून खाल्लं.

दोन दिवसांत त्यांनी कागद पाठवून दिला आणि तो त्या बाईंच्या आधी पोहोचला. मी विचारलं, आता फोडणी देऊ का? म्हणाले, "दहा दिवस होऊ दे."

किड्याचं एवढं सुतक नसतं, हे मलाही कळतं. मी मोहरी-जिऱ्याचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.