काकूंच्या वाटची फेरी

आमच्या एव्हरशाईन सिटीत सकाळी फिरायला जाणारे पुष्कळ आहेत. पण रोज दोनदा फिरणारे, आणि तेही दोन वेगवेगळ्या चालींनी, एकटे राऊतकाका. सव्वासहाला ते गेटमधून निघत ते कोणी पाठीमागे लागल्यासारखे. पाऊण तासाने घामाघूम होऊन परतत, जिन्यापाशी डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकत, दुसऱ्या खिशातलं घड्याळ काढून उजव्या मनगटावर बांधत आणि पुन्हा निघत. आता मात्र पाय ओढत. दहा पावलं झाली की थांबत. कुंपणावरच्या जास्वंदीकडे बघत. गेटबाहेरच्या भाजीवाल्या मावशींची कोथिंबिरीची जुडी उचलत, वास घेत आणि ठेवून देत. घेत काहीच नसत.

“काकांचं वरचं बिघडलंय थोडं,” असं आमच्या वॉचमनचं मत होतं. सोसायटीत ते एकमताने मंजूर होतं.

काका जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. “मोजलेलं बरं, बाई,” हे त्यांचं पालुपद. मी विरारला शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्या तोंडी मी बाई. आमची दारं समोरासमोर. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडण पेटलं की हे गृहस्थ टेप घेऊन खाली जात आणि मोजून येत. तोवर भांडण मिटून चहा आलेला असला, तरी आकडा सांगितल्याशिवाय बसत नसत. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर यायला किती सेकंद लागतात हेही त्यांनी मला न विचारता सांगितलेलं आहे.

अशा माणसाला त्यांच्या मुलाने, समीरने, कॅनडाहून येताना नाडी मोजणारं घड्याळ आणलं. एक बाबांना, एक आईला. पावलं, ठोके, झोप, सगळं त्याला तिकडे त्याच्या फोनवर दिसणार. काका इतके खूश झाले की पहिला आठवडा ‘कसे आहात’ विचारलं तर ‘बहात्तर’ म्हणून पुढे जात. काकू निर्मळ गावच्या, केळीच्या वाडीत डोक्यावर पाट्या वाहत वाढलेल्या. त्यांनी घड्याळ हातावर फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, “आता पाटी टाकून कुठं उन्हात बसले, ते पन कळनार काय याला?”

समीर परत गेला आणि महिन्याभरात काकूंची धाकटी बहीण वारली. रोज दुपारी तिचा फोन यायचा, तो बंद झाला. काकू आधी जेवायच्या कमी झाल्या, मग बोलायच्या, मग भिंतीकडे तोंड करून पडल्या त्या उठेनात. न्हाणीघरापर्यंत जात, तेवढंच. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणत, “मना काय झालंय?” आणि डोळे मिटून घेत.

मला हे कळत होतं, कारण मी अधूनमधून मऊभात घेऊन जायची. कळत नव्हतं ते काकांचं दोनदा फिरणं. शेवटी एकदा मी त्यांना जिन्यातच गाठलं.

“दुसरी फेरी हिची,” काका म्हणाले. “हे घड्याळ हिचं.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“पहिल्यांदा दोन्ही एकदम बांधली. चौथ्या दिवशी समीरचा फोन. म्हणे, बाबा, तुमची आणि आईची नाडी मिनिटामिनिटाला सारखी कशी? मी म्हटलं, चाळीस वर्षांचा संसार आहे, सारखी होणारच.” ते हसले नाहीत. “पण मुलगा हुशार आहे. म्हणून मग हिच्यासारखा चालतो. ही कुठे कुठे थांबायची, मला पाठ आहे.”

“पण समीरला खरं का नाही सांगत?”

“नवी नोकरी आहे त्याची, बाई,” असं म्हणून ते वर गेले. त्यांनी मला पुरतं उत्तर दिलेलं नाही, असं मला तेव्हाही वाटलं.

असे सात महिने गेले.

एका रविवारी सकाळी साडेसातला समीरचा फोन आला. “ताई, प्लीज, आईकडे धावा! ती बसून आहे आणि तिचे ठोके एकशे पन्नास दाखवतंय. बाबा फोन उचलत नाहीत!”

त्यांची किल्ली माझ्याकडे असायची. मी दार उघडून आत गेले. काकू नेहमीसारख्या भिंतीकडे वळून पडलेल्या. श्वास संथ. “झोपल्यात रे, बऱ्या आहेत,” असं मी फोनवर म्हणाले आणि माझी नजर त्यांच्या मोकळ्या मनगटाकडे गेली. घड्याळ खाली होतं. ठोके काकांचे होते.

मी चपला न घालता धावले. भाजीवाल्या मावशींनी काकांना क्रेटवर बसवलं होतं आणि त्या पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. काकांचा शर्ट घामाने चिंब, चेहरा राखेसारखा. मला बघून त्यांनी उजवा हात पुढे केला.

“हे काढा आधी, बाई. हिच्या नावावर जातंय सगळं. समीर घाबरेल.”

हृदयविकाराचा झटका होता. वेळेत पोचलो, असं डॉक्टर म्हणाले. केसपेपरवर कोणाचं नाव लिहायचं एवढा एकच गोंधळ झाला नाही.

तिसऱ्या दिवशी समीर आला. आईला बघून दारातच थांबला. फोनवर रोज पाच हजार पावलं चालणारी आई त्याला ओळखू येईना. त्याने तिच्यासाठी डॉक्टर आणले, गोळ्या सुरू केल्या. काकूंनी त्या मुकाट्याने घेतल्या. फरक पडायला वेळ लागेल, असं सांगितलं गेलं.

काका घरी आले त्या दुपारी मी पेज घेऊन गेले होते. समीरने आता विषय काढला.

“सात महिने, बाबा. मला खोटं दाखवलंत. मी आलो नसतो का?”

काका खुर्चीत मान खाली घालून बसले होते. “तुला दाखवायला नव्हतं ते.”

“मग?”

“तू संध्याकाळी हिच्या फोनवर बोलून पाठवायचास ना. ‘आई, आज पाच हजार, शाब्बास.’ मी ते हिच्या कानाशी लावायचो. मी हाक मारली तर ही वळत नसे. तुझा आवाज आला की तोंड इकडे करायची. म्हणायची, ‘कोन, समीर?’ मग पाणी प्यायची, दोन घास खायची.” काकांनी पंच्याने तोंड पुसलं. “पावलं कमी झाली की तू काही पाठवायचा नाहीस. त्या दिवशी ही जेवायची नाही.”

पेजेला मीठ हवं असं पुटपुटत समीर स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत होता. काका आणि मी पेज निवेपर्यंत तसेच बसून राहिलो.