शेळीच्या दुधाचा आणि प्रश्नपत्रिकेच्या दर्जाचा निवाडा

श्रीशारदा प्रसन्न. तिचे हाती वीणा व पुस्तक आहे, उत्तरसूची नाही, म्हणोन प्रथम तिला वंदन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, अमुक एका राज्यात परीक्षाप्रधान त्र्यंबकराव यांनी पहिलीपासोन चौथीपावेतो सर्व मुलांस चार पर्यायांची परीक्षा फर्माविली, आणि तींत प्रश्न घातला की, आपण कोणाचे दूध पितो: गाय, शेळी, कोंबडी की बैल; आणि उत्तरसूचीत 'गाय' लिहोन सूची मोहोरबंद केली. मग डोंगरावरील धनगरवाडीच्या शाळेतील तीसही मुलांनी 'शेळी' लिहिले. तेव्हां प्रधानांनी अनुमान बांधिले की, तिसांचे एकच चुकीचे उत्तर, सबब सामुदायिक कॉपी, सबब शाळा मोडावी. ऐसी अक्कल बहुत तपश्चर्येने प्राप्त होते.

हुकूम पोहोंचताच शिक्षिका द्वारकाबाई वाघमोडे बहुत संतापल्या. तिसरीतील हौसा म्हणाली, "बाई, आपल्या वाडीत गाय हाय तरी कुनाकडं?" मग बाई हौसेस व एका शेळीस घेऊन कचेरीत दाखल जाहल्या, आणि प्रधानांसमक्ष धार काढोन तेथेच चहा केला, आणि प्रधानांनी दोन कप प्राशन करोन "वा, दूध दाट आहे!" ऐसी तारीफ केली. मग बाई म्हणाल्या, "साहेब, आत्ता कोणाचं दूध प्यायलात?" प्रधान मिशा पुसोन वदले, "शेळीचंच. पण सूचीत गाय आहे ना, बाई. मी काय करू?"

तथापि न्यायाचा देखावा पाहिजे, म्हणोन प्रश्नपत्रिकेच्या दर्जाची तपासणी मांडिली, आणि समस्त शिक्षकांस छापील कागद दिला की, ही परीक्षा कैसी: उत्तम, अत्युत्तम, सर्वोत्तम, की वरील सर्व. द्वारकाबाईंनी चारही गोलांवर काट मारोन खाली 'भिकार' ऐसे लिहिले. तपासणीच्या यंत्रास चारही गोलांवर शाई दिसली, आणि त्याने बाईंचे मत 'वरील सर्व' यांत जमा केले.

सारांश, परीक्षेचा दर्जा एकमताने थोर ठरला आणि धनगरवाडीची शाळा मोडली. पुढील साली तोच प्रश्न पुनः आला. हौसा घरोन शेळीचे दूध पिऊन निघाली, तीन कोस चालोन खालच्या गावच्या शाळेत पोहोंचली, आणि निमूट 'गाय' लिहोन आली. पूर्ण गुण मिळाले.