सोनेरी माउथपीस आणि गेनबाचे ओठ

एका जंगलात, मुलांनो, एक बँड होता. जंगलात बँड कशाला, असं विचारू नका. जिथे महाराज असतात तिथे मिरवणूक असते, आणि मिरवणूक म्हटली की बँड आलाच. इथले महाराज वाघ होते. त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मोठा आवाज आवडायचा.

या बँडमध्ये गेनबा नावाचं अस्वल ट्रंपेट वाजवायचं. तुम्ही कधी अस्वलाचे ओठ पाहिलेत का? लांब, मऊ आणि हवे तेवढे पुढे काढता येणारे. देवाने ते वारुळातली वाळवी ओढायला दिले होते. गेनबाने त्यांचा ट्रंपेटसाठी उपयोग केला. तो फुंकायला लागला की समोरच्या डोंगरावरची माकडंसुद्धा खाजवायचं थांबून ऐकायची.

म्हणून गेनबा पहिल्या रांगेत मधोमध चालायचा. ही जागा म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याच्या बापाने उभा जन्म बँडच्या मागून भोंग्याची हातगाडी ढकलली होती. ढकलून ढकलून म्हातारा असा वाकला, की मेल्यावरही सरळ झाला नाही. ज्याला वाजवता येत नाही त्याने हातगाडी ढकलायची, असा बँडचा नियम होता. गेनबाला त्या हातगाडीची फार भीती वाटायची.

बँडची आणखी एक रीत होती. वाद्य बँडचं, पण माउथपीस ज्याचा त्याचा. माउथपीस म्हणजे वाद्याच्या टोकाला बसवायची लहानशी पितळी वाटी. तिलाच ओठ लावून फुंकायचं. तालीम संपली की प्रत्येक जण आपला माउथपीस कमरेला बांधून घरी न्यायचा. दुसऱ्याचा कुणी तोंडाला लावत नसे.

आता गेनबाला एक वाईट खोड होती. घरी जाताना वाटेत वारूळ दिसलं की तो माउथपीस भोकाला लावायचा आणि त्यातून वाळवी ओढायचा. तोंडात माती जात नाही, म्हणायचा. एके दिवशी त्याने जोरात ओढायच्या ऐवजी चुकून फुंकलं. माउथपीस हातातून निसटून वारुळात गेला तो गेलाच. गेनबाने अर्धं वारूळ उकरलं. वाळवी भरपूर मिळाली, माउथपीस मिळाला नाही.

महाराजांच्या वाढदिवसाची मिरवणूक पंधरा दिवसांवर आली होती.

गेनबा धावत चंपाबाई साळिंदरीच्या दुकानात गेला. ती पितळी सामान विकायची. तिने त्याच्यापुढे बारा माउथपीस मांडले. कुणाची वाटी खोल, कुणाची उथळ, कुणाचा काठ जाड, कुणाचा पातळ. गेनबाने एकेक ओठाला लावला, ट्रंपेटवर चढवून फुंकला आणि दुकानातल्या दुकानात चार पावलं चालून पाहिलं. उभ्याने कुणीही वाजवतं. चालताना काठ ओठावर आदळतो, तेव्हा खरं कळतं. सातव्या माउथपीसला त्याने डोळे मिटले. चंपाबाईने हातातलं काम खाली ठेवलं.

“हाच,” गेनबा म्हणाला.

गोष्ट खरं म्हणजे इथे संपायला हवी होती. पण यंदा महाराजांनी फर्मान काढलं होतं, की मिरवणुकीत जे जे दिसेल ते ते समितीने पसंत केलेलं असावं. हारातली फुलं समिती निवडणार, हत्तीची झूल समिती निवडणार, मग नवा माउथपीस तरी कसा सुटेल? तेव्हा माउथपीस निवड समिती बसली.

समितीचे अध्यक्ष होते धनेशराव. धनेश पक्ष्याची चोच जंगलात सगळ्यांत मोठी, म्हणून तोंडाच्या सगळ्या समित्यांवर तेच असत. सदस्य होते एक घुबड आणि एक कासव. तिघांनाही ओठ नव्हते. हे मुद्दाम केलं होतं. ज्याला ओठ आहेत तो आपल्या ओठांचा विचार करणार, आणि समितीला निःपक्षपाती माणसं हवी होती. गेनबाने अदबीने सांगून पाहिलं, की मला सातवा बसतो. धनेशरावांनी तितक्याच अदबीने त्याला बाहेर बसवलं.

आत परीक्षा सुरू झाली. फुंकता तर कुणालाच येत नव्हतं. पण आवाजाच्या वस्तूची पारख आवाजावरूनच व्हायला हवी, हे तिघांनाही पटत होतं. मग बाजारात मडकं घेताना वाजवून बघतात, तसं त्यांनी चंपाबाईकडून आणवलेल्या बाराही माउथपीसवर चोचीने टकटक केलं. सातवा जेमतेम टक् म्हणाला. तिसरा मात्र टणाणा वाजला, आणि बराच वेळ वाजत राहिला. त्याची वाटी भली रुंद आणि पातळ होती, वर सोन्याचा मुलामा होता. कासवाचं मत पडलं की वजनही चांगलं आहे. घुबडाला त्यात आपलं तोंड दिसलं, आणि ते खूश झालं.

तिसरा एकमताने निवडला गेला.

गेनबाने तो तोंडाला लावला, आणि त्याचे दोन्ही ओठ वाटीत बुडाले. फुंकलं तर पलीकडून नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं तर थोडी थुंकी आली. तो रडकुंडीला येऊन समितीकडे गेला. समितीने तक्रार शांतपणे ऐकली, तिसऱ्यावर पुन्हा एकदा टकटक केलं, आणि तो पुन्हा टणाणा वाजला.

“माउथपीस उत्तम आहे,” धनेशराव म्हणाले. “दोष ओठांत आहे, गेनबा. तुम्ही ओठ सुधारा.”

घुबडाने उपायही सांगितला. ओठांवर सागाची साल घट्ट बांधायची, म्हणजे ते मापात येतात. बिचाऱ्या गेनबाने दोन दिवस बांधलीसुद्धा. ओठ सुजले, जेवण बंद झालं, आणि तालमीत बँडच्या मास्तरांनी हातगाडीकडे एकदा नुसतं पाहिलं. गेनबाचं अवसान गळालं. आता तो बापासारखाच वाकून मरणार, अशी त्याची खात्री झाली.

तिसऱ्या दिवशी त्याने साल सोडून फेकली आणि मागच्या वाटेने चंपाबाईकडे गेला. तिने काही न विचारता सातवा काढून दिला. वर चिमूटभर हळद दिली. हळद ओली करून चोळली आणि वाळवली की पितळही लांबून सोन्यासारखं दिसतं, हे दुकानदाराला ठाऊक असतंच.

मिरवणूक निघाली. गेनबाने पहिल्या रांगेत मधोमध उभं राहून हळद लावलेला सातवा ओठाला लावला. त्या दिवशी तो असा वाजला, की महाराज वाघ असूनही त्यांच्या अंगावर काटा आला. समोरच्या डोंगरावरची माकडं उतरून मिरवणुकीत नाचली. गेनबाचे ओठ पिवळेजर्द झाले होते, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. गेनबाचा नाही, समितीचा. धनेशरावांनी भाषणात सांगितलं, की योग्य निवड झाली तर साधं अस्वलही काय करू शकतं ते आपण सर्वांनी पाहिलं. गेनबाला दोन शब्द बोलायला उठवलं. त्याच्या मनात आलं होतं सगळं सांगून टाकावं. पण समोरच ती हातगाडी उभी होती.

“ही सगळी समितीची कृपा,” गेनबा म्हणाला आणि खाली बसला.

महाराज एवढे प्रसन्न झाले की त्यांनी नवं फर्मान काढलं. यापुढे बँडमधल्या सगळ्यांनी तिसऱ्या क्रमांकाचाच माउथपीस वापरावा. जुने माउथपीस समितीकडे जमा करावेत. समिती ते डोहात बुडवील.

गेनबाच्या शेजारी माणकू रेडा चालायचा. तो युफोनियम वाजवायचा. ते मोठं पोटाचं वाद्य तुम्ही लग्नाच्या बँडमध्ये पाहिलं असेल. माणकूचा माउथपीस तीस वर्षांचा होता, त्याच्या गुरूने दिलेला. काठ झिजून झिजून त्याच्या ओठाच्या घडीत बसला होता. फर्मान ऐकून माणकू गेनबाकडे आला. दोघं लहानपणी एकाच चिखलात लोळले होते.

“गेन्या, मला काय समित्याबिमित्या कळत न्हाईत,” माणकू म्हणाला. “तू सांगशील तसं करीन. मिरवणुकीत तू ह्योच सोन्याचा वाजवलास न्हवं?”

गेनबाने कमरेचा सातवा पंजाखाली झाकला. खरं सांगितलं तर माणकू कुणाला सांगणार नव्हता. पण रेड्याच्या पोटात काही राहत नाही, असं गेनबाच्या मनाने घेतलं. खरं म्हणजे भीती त्याला हातगाडीची होती.

“व्हय,” तो म्हणाला. “ह्योच.”

“मग झालं तर,” माणकू म्हणाला. त्याने जुना माउथपीस कमरेचा सोडला, एकदा चाटला आणि जाऊन समितीकडे जमा केला. तो तिकडे निघाला तेव्हा गेनबाला त्याला हाक मारावीशी वाटली होती. पण त्याने ती मारली नाही.

ट्रंपेटचा माउथपीस युफोनियमच्या नळीत गडगडत आत जातो. माणकूने त्याला दोरा गुंडाळला, कापड गुंडाळलं, शेवटी चिखल लावला. आवाज येईना. बाकीच्या बँडचीही थोडीफार हीच गत होती, पण इतर जण हुशार होते. त्यांनी नुसते गाल फुगवायला सुरुवात केली. माणकूला तसं करायची लाज वाटली. त्याने मास्तरांना सरळ सांगितलं, की मला वाजवता येत नाही.

महाराजांच्या मेहुण्याची वरात निघाली तेव्हा हातगाडी माणकू ढकलत होता. पुढे गेनबा एकटा हळद लावलेल्या सातव्यावर वाजवत होता आणि सगळा बँड गाल फुगवत होता. वरात खूप गाजली.

वरातीनंतर समितीने बैठक घेऊन माणकूच्या प्रकरणाचा विचार केला. माउथपीस तोच असून एकाला जमतं आणि एकाला जमत नाही, तेव्हा हा शिक्षणाचा प्रश्न आहे, असं ठरलं. गेनबाला माउथपीस प्रशिक्षक नेमलं.

आता रोज सकाळी गेनबा नदीकाठी जातो आणि माणकूला सोनेरी माउथपीस फुंकायला शिकवतो. माणकू कधी खाडा करत नाही. फुंकून फुंकून त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. गेनबाची मान खाली असते, म्हणून त्याला ते दिसत नाही.

“माझंच डोकं जड,” माणकू काल म्हणाला. “तू लई जीव लावून शिकवतोस, गेन्या. दुसरा कुणी असता तर कवाच सोडून गेला असता.”

तात्पर्य : मुलांनो, समितीचा निर्णय नेहमी बरोबरच असतो. तो फक्त दुसऱ्याने पाळायचा असतो.