अडीच टोकांचा तारा

शत्रुघ्नरावांची उपाशीपोटीची साखर एकशे नव्वद निघाली, तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. रोज सकाळी चालायचं. आणि दोन महिन्यांत साखर उतरली नाही, तर रोज पोटात इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचं. शत्रुघ्नराव सुईला इतके घाबरत, की बायको शर्टाला बटण लावत असली तरी ते गॅलरीत जाऊन उभे राहत. तरीही ते चालायला जाईनात. भीती त्यांना रात्री जेवल्यावर वाटायची आणि चालायचं असायचं सकाळी.

त्यांच्या पत्नी विनिताबाई गास गावाजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत. अख्खी वस्ती त्यांना टीचर म्हणे. १९९९च्या मे महिन्यात प्रशिक्षणाला गेल्या असताना त्यांना तिथे सांगितलं होतं, की चांगल्या वागण्याचं लगेच कौतुक झालं तर माणूस तसं पुन्हा वागतो. माणूस म्हणजे मूल असं काही तिथे म्हटलं नव्हतं. विनिताबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले, ते फ्रिजच्या दारावर चिकटवले आणि सोनेरी ताऱ्यांचं पाकीट काढलं. राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन आलं, की एक तारा.

"मी काय दुसरीतला पोरगा आहे?" शत्रुघ्नरावांनी विचारलं.

"दुसरीतल्या पोरांना इतकं समजवावं लागत नाही," विनिताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला शत्रुघ्नराव बूट शोधत होते. आठवड्यात सात तारे झाले. आल्यागेल्याला ते आग्रहाने गार पाणी पाजू लागले आणि पाण्यासाठी त्याला फ्रिजपर्यंत यावं लागे.

समोरच्या वाडीतला इग्नेशियस मोटरचा पाना परत करायला आला आणि असंच पाणी पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको हिल्डा आली. नवरा कालपासून जेवताना बोलत नाही, नुसता सुस्कारे सोडतो, म्हणाली. विनिताबाईंनी दुसरा रकाना आखला. वरच्या मजल्यावरच्या जयरामला साखरबिखर काही नव्हती. पण दोघांना मिळतंय आणि आपल्याला नाही, हे त्याला सोसेना. तिसरा रकाना झाला.

तिघं चालू लागले आणि भांडणं सुरू झाली. इग्नेशियस चर्चपासून भाजीच्या टेम्पोत बसला, असं जयरामने येऊन सांगितलं. टेम्पो गर्दीत अडकला होता, म्हणजे आपण बसलो असलो तरी फार पुढे गेलो नाही, असं इग्नेशियसचं म्हणणं. शत्रुघ्नरावांनी मागणी केली, की जुन्या सभासदाचा तारा मोठा असावा. एकदा जयराम आणि इग्नेशियस दोघंही निम्म्या वाटेवरच्या बेकरीतून परत फिरले. विनिताबाईंनी न्यायाने एक तारा कापून दोघांना अर्धा अर्धा दिला.

"वहिनी, याला तीन टोकं आहेत आणि मला दोनच," जयराम म्हणाला.

"ताऱ्याला टोकं पाच असतात, जयराम."

"मग अडीच-अडीच कापायची."

या अडीच टोकांवरून जिन्यात रोज सकाळी पावणेसहाला सुनावणी बसू लागली. सुनावणीत भूक लागे, म्हणून इग्नेशियस सायकलवरून खारी आणि नानकटाई आणू लागला. महिनाअखेर शत्रुघ्नरावांची साखर दोनशे दहा झाली. डॉक्टर म्हणाले, अजून एक महिना वाट बघू. आणि इंजेक्शनची सुई एकदा दाखवून ठेवली.

घरी आल्यावर विनिताबाईंनी तक्ता उतरवला, चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले.

"अगं, माझे बावीस तारे होते त्यात," शत्रुघ्नराव हळूच म्हणाले.

"तारे बंद. चालायचं तर चाला, नाहीतर सुई."

सुई ते कदाचित विसरले असते, पण बावीस तारे विसरणं शक्य नव्हतं. संध्याकाळी तिघांची बैठक झाली. इतके दिवस एकमेकांची चहाडी करणारे ते तिघं पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसले. टीचरच्या दारावर मोर्चा न्यायचा ठरला. अडचण एकच होती, एक जण त्याच दाराआड राहत होता, दुसरा वरच्या मजल्यावर आणि तिसरा समोर. जिन्यातून दारापर्यंतच्या मोर्च्याला कोणी मोर्चा म्हटलं नसतं. म्हणून मोर्चा राजोडीच्या किनाऱ्यावरून काढायचा ठरला. त्यासाठी आधी राजोडीला पोचायला हवं होतं.

"रिक्षा करू," शत्रुघ्नराव म्हणाले.

"मोर्च्याला रिक्षातनं जायचं?" इग्नेशियस म्हणाला. "लोकं हसतील ना, शत्रुघ्न. जरा विचार कर."

मग रोज पहाटे तिघं चालत राजोडीला जात आणि 'आमचे तारे परत द्या' असा पुठ्ठा धरून चालत परत येत. वाटेत बेकरी लागे, पण हातात पुठ्ठा असताना खारी खाणं बरं दिसेना. दारात येऊन ते पाच मिनिटं गप्प उभे राहत. विनिताबाई आत शांतपणे चहा पीत आणि वह्या तपासत.

दुसऱ्या महिन्याअखेर साखर एकशे अठरा निघाली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, नेमकं काय केलंत?

"अन्यायाविरुद्ध लढतोय," शत्रुघ्नराव म्हणाले.

डॉक्टरांनी विनिताबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की हे जे काय आहे ते थांबता कामा नये.

पण ते थांबायला आलं होतं. त्याच संध्याकाळी शत्रुघ्नराव तडजोडीचा कागद घेऊन आले. आंदोलक थकले आहेत, बावीसपैकी दहा तारे दिलेत तरी आम्ही मागे घेतो, मोठ्या मनाने. मागे इग्नेशियस आणि जयराम आशेने उभे होते. विनिताबाईंना दिसलं, की हा माणूस उद्यापासून खुर्चीतून उठणार नाही आणि पुढच्या महिन्यात सुई येईल.

तेवढ्यात हिल्डा रिकामा डबा द्यायला आली आणि खुर्चीवर बसली. विनिताबाईंनी कपाटातून पाकीट काढलं, त्यातला सगळ्यात मोठा सोनेरी तारा निवडला आणि तिघांसमोर हिल्डाच्या खांद्यावर चिकटवला.

"मला कशाला, टीचर?" हिल्डा गोंधळली. "मी तर कुठंच गेले नाय."

"छान बसलीस म्हणून," विनिताबाई म्हणाल्या.

मग इग्नेशियसने शत्रुघ्नरावांच्या हातातला तडजोडीचा कागद काढून घेतला आणि फाडला.

दुसऱ्या दिवशी मोर्चा पाचलाच निघाला आणि राजोडीला न वळता सरळ त्याच्याही पुढच्या वटार गावापर्यंत गेला.