कुंभारणीच्या घराला हात लावू नका

ब्राह्मणपुरीचा योगेंद्र स्वतःची ओळख करून देण्याआधी घसा साफ करायचा. "तापीपासून सातपुड्यापर्यंतचा एकमेव खासगी गुप्तहेर," असं तो म्हणायचा, आणि दुसरा कुणी त्या वाटेला गेलाच नसल्यामुळे ते खोटंही नव्हतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याची नजर घारीची होती, नाक मुंगीचं होतं आणि डोकं कॉम्प्युटरचं. दारावर हातभर अक्षरांत 'गुप्तहेर' अशी पाटी होती. इतकी गुप्तता पाळूनही गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. शेवटी बायकोने, नूतनने, निकाल दिला: सोमवारपर्यंत एक तरी केस सोडवा, नाहीतर माझ्या भावाच्या पिठाच्या गिरणीत बसा. योगेंद्रला पिठाच्या नावानेच शिंका येत.

शनिवारी देव पावला. चुनीलालभाईंच्या खताच्या खोलीचं कुलूप कुणीतरी मातीने बुजवलं होतं. केळीचं खत आत आणि चुनीलालभाई बाहेर.

योगेंद्रने भिंग काढलं. पहिला संशय शेजारच्या नथ्थूवर, कारण गटारीवरून दोघांचं वाजलं होतं. नथ्थू दोन दिवस शहाद्याला लग्नात होता असं कळलं, तेव्हा तो मुद्दामच गावाबाहेर राहिला, म्हणजे सूत्रधार तोच, असं ठरलं. मग योगेंद्रने माती चाखली. किंचित गोड लागली, त्याअर्थी ती उसाच्या शेतातली. गावात ऊस नसलेलं शेत शोधावं लागलं असतं, पण तपास पुढे सरकला.

ओट्यावर चुनीलालभाईंची आई, कौसाबाई, वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "भो, कुंभारीन उनी नि माटी भरी गयी. मी मन्हा डोयाघाई देखं. तिना घरले हात लावू नको, पाप लागस."

योगेंद्रने कान टवकारले. कुंभारणीला येऊन माती भरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार मिळाली होती, आणि आरोपीच्या घराला हातही लावू नको म्हणत होती. म्हातारीला धमकावलंय हे उघड होतं.

तो थेट कमलीबाई कुंभारणीच्या अंगणात गेला. ती मडकं थापत होती. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. रंगेहाथ पकडतात असं त्याने ऐकलं होतं, ही मातीहाथच सापडली. कमलीबाईने सगळं ऐकून घेतलं, थापटणं उचललं आणि माझं नाव कुणी घेतलं ते बघतेच, म्हणत त्याच्या पुढे चालू लागली.

तिला पाहून कौसाबाईच्या हातातली वात गळाली. "ही नई रे भो. ती पंखवाली."

गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं, की फटीत चिखलाचं घर बांधते त्या माशीलाच कुंभारीण म्हणतात. कॉम्प्युटरला तेवढंच ठाऊक नव्हतं. खात्री करायला योगेंद्रने भिंगासकट तोंड कुलपाला लावलं, आणि नेमकी त्याच वेळी घरधनीण घरी आली. तिने त्याच्या ओठावर सही केली. चुनीलालभाईंनी मग आईच्या धाकाने कुलूप तसंच ठेवून दाराच्या बिजागऱ्या काढल्या.

सोमवारी नूतन त्याला घेऊन गिरणीवर गेली. पाहते तर कुलपाच्या भोकात ओली माती. योगेंद्रने भक्तिभावाने हात जोडले आणि भाकरीएवढ्या ओठातून तो म्हणाला, "तिना घरले हात लावू नको, पाप लागस."

नूतनने कुलपाकडे पुन्हा पाहिलंही नाही. तिने त्याच्या जोडलेल्या हातांची मातीने भरलेली नखं पाहिली आणि अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या हातात दिला.

"कुंभारीन सापडनी," ती म्हणाली. "माटी कोरा."