शालिककाकांची सावर

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या शालिककाकांनी अंगणातल्या काटेसावरीच्या बुडाशी बर्फाच्या दोन लाद्या रचल्या, वरून ओलं गोणपाट टाकलं आणि झाडाला दम दिला, "आता फुलून दाखव!"

मी कपडे वाळत घालत होते. सेलूत बारा वर्षं त्यांच्या शेजारी काढल्यामुळे मला सहसा कशाचं नवल वाटत नाही, पण बर्फ पाहून हातातला चिमटा खाली पडला.

"काका, हे काय?"

"लग्नात मठ्ठा कसा थंडा ठेवतेत? तसंच. कळ्याइले गर्मी लागून राह्यली, सूनबाई. पाव्हने याच्या आंधीच पंगत वाढून ठेवते का कोनी?"

काका आचारी. म्हणजे होते. तालुक्यातल्या अर्ध्या लग्नांत आलू-वांग्याची भाजी त्यांच्याच हातची. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला आणि भट्टी सुटली. आचारीपण काही सुटलं नाही. जगाला त्यांचं एकच माप, वेळेवर वाढलं की नाही. बस चुकली तर "वाढपी झोपले". पाऊस लांबला तर "आधनच नाई ठेवलं कोनी". माझ्या नणंदेचं लग्न चौतिसाव्या वर्षी जमलं, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "धीम्या आचेवरचं चांगलं लागते वो पोरी." नणंद अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.

त्यांचे हे पाहुणे म्हणजे भोरड्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैनाच म्हणा. हिवाळ्यात दूरदेशाहून येतात आणि परत निघण्याआधी, शिवरात्रीच्या आगेमागे, सावरीच्या लाल फुलांवर तुटून पडतात. काका त्यांना 'वऱ्हाड' म्हणतात. पण अलीकडे थंडी लवकर काढता पाय घेते. सावर संक्रांतीलाच फुलून मोकळी होते, आणि वऱ्हाड आपलं जुन्या मुहूर्तावर येऊन उघड्या फांद्या बघून परत जातं. दोन वर्षं तेच चाललं होतं. मागच्या खेपेला तर काका दोन दिवस जेवले नाहीत. "पाव्हने उपाशी गेले माह्या दारातून," एवढंच म्हणत राहिले.

म्हणून हा बर्फ. सावर त्याला अजिबात बधली नाही. अंगणात चिखल मात्र झाला, त्यात काका स्वतःच घसरले आणि संक्रांतीला झाड शेंड्यापर्यंत लालभडक. हळदीकुंकवाला आलेल्या बाया "काय सुंदर दिसतंय हो" म्हणायच्या आणि काका उखडायचे, "सुंदर काय! जिलेबी तळून तयार, न वरात अजून गावालेच!"

"अहो काका, पाखरं आहेत ती. दुसरीकडे खातील कुठेतरी," मी म्हटलं.

"दुसरीकडं कुठं? सारा तालुका आंधीच फुलून बसला."

हे खरं होतं. कालव्याकाठचा पळससुद्धा घाईघाईने उरकून बसला होता.

शिवरात्र जवळ आली तशी काकांनी बाजारातल्या पिकल्या पपया उचलून आणल्या. द्रोणांत गुळाचं पाणी भरून फांद्यांना टांगलं. त्यावर मुंग्यांचं जेवण झकास झालं. पपईच्या फोडींवर कावळे आणि खारी टपून बसल्या. काका मोठा झारा घेऊन दिवसभर पहाऱ्याला. "तुमी गावातले! आंधी वऱ्हाडाची पंगत, मंग तुमची!" असं ते खारीला समजावून सांगत, आणि खार तोंडात फोड धरून ऐकूनही घेत असे.

ऐन शिवरात्रीला सकाळी हाक आली, "सूनबाई, लवकर ये!" आभाळात गुलाबी थवा वळणं घेत होता. तो सावरीवर उतरला. रिकाम्या फांद्यांवर नुसता कलकलाट. काकांनी श्वास रोखला होता, मीही. मग एक भोरडी खाली आली, पपईला चोच मारली. मग पाच. मग सगळं वऱ्हाडच पपईवर! मी लहान पोरीसारखी टाळ्या पिटणार होते, पण वळून बघते तर काका पायरीवर बसून दुपट्ट्याने डोळे पुसत होते.

काकांच्या सिंधूकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली.

"थे दरसाली सांगे," काका म्हणाले. "आज भोरड्या आलत्या, झाड कसं भरलंतं, तुमी पाह्याले पाह्यजे होते. मी म्हनो, पुढच्या साली पाहू. हाच लग्नाचा सीझन असते न, सूनबाई. लोकाइच्या पंगती वाढत फिरलो. एक बी साल तिच्यासंगं बसून पाह्यलं नाई. आता मी घरी हाव, तं थेच नाई."

मला वाटत होतं, काकांना पाखरांचं वेड आहे. मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

तेवढ्यात रस्त्यावरून एक फटफटी धडधडत गेली. अर्धा थवा भर्रकन उडाला. काका गुडघ्यांवर हात दाबत उठले आणि हात जोडून पाखरांना म्हणाले,

"बसा बाप्पा, बसा. घाई नोका करू. आता मले कोनाच्याच लग्नाले जाचं नाई."